रोज नवा आकडा

१९९९ सालच्या जानेवारीत सातारा शहर पाच दिवस बंद होतं आणि ते मी बंद पाडलं होतं. मोर्चा नव्हता, दगड नव्हता, पोलिसांची गाडीसुद्धा नव्हती. बंद होतं ते फक्त आमच्या वर्गाच्या फळ्यापुरतं, हे मला मान्य आहे. आणि ज्यांच्यासाठी बंद होतं ते साताऱ्यात राहणारे आमच्या वर्गातले लोक एकंदर चार, हेही मान्य आहे. पण त्या चारांत मी होतो, त्यामुळे मला ते शहर वाटतं.

त्याआधीच्या तीस नोव्हेंबरला मी पाटबंधारे खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालो. चौथ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतीने, म्हणजे चारुशीलेने, स्वयंपाकघरातून हाक मारली. "अहो, तूरडाळीच्या डब्यावर हे काय चिकटवलंय? आवक क्रमांक सात?" मी शांतपणे सांगितलं की मूगडाळ आठ आहे आणि मसूर अजून नोंदवायची आहे. त्यावर ती म्हणाली की दुसरं काहीतरी काम शोधा, नाहीतर मी तुमची बदली मागेन.

म्हणून फळा काढला. माझा पुतण्या पुष्कर पुण्यात इंटरनेटची पानं बनवायच्या कंपनीत होता. तो नाताळच्या सुट्टीत आला तेव्हा मी त्याला म्हटलं की वाईच्या आमच्या शाळेचा, अठ्ठावन्न सालच्या मॅट्रिकचा वर्ग जगभर पांगलाय. त्यांना एकत्र आणणारं एखादं पान काढ. त्याने दोन दिवसांत काढलं. काळ्या रंगाचा फळा, वर शाळेचं नाव, आणि खाली ज्याला जे वाटेल ते त्याने लिहायचं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, कारण मराठी अक्षरं त्या काळी पुण्याच्या पुढे यायला तयार नव्हती.

"हा सगळा खटाटोप देवदत्तभावजींसाठी ना?" चारुशीलेने विचारलं.

मी म्हटलं, "छे! वर्गासाठी."

खटाटोप देवदत्तसाठीच होता.

देवदत्त आणि मी नऊ वर्षं एका बाकावर बसलो. त्याचा रोल नंबर चौदा, माझा सदतीस. मी वर्गात नसलो की सदतीस नंबर पुकारल्यावर तो आवाज बदलून "हजर" म्हणे. तो नसला की चौदाला मी म्हणे. दोघंही नसलो, म्हणजे गणपती घाटावर पोहत असलो, की मात्र अडचण होई. सहासष्ट साली त्याला परदेशात नोकरी लागली. ही बातमी मला त्याने सांगितली नाही, आमच्या न्हाव्याने सांगितली. अर्धी हजामत झालेली असताना कळलं आणि माझा जो स्वाभिमान दुखावला तो दुखावलाच. तो निघाला त्या सकाळी मी स्टँडवर गेलो नाही. घरी पाटावर बसून पेरू खात होतो. पेरू चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. नंतर कळलं की त्याने कंडक्टरच्या हातापाया पडून एस.टी. सहा मिनिटं थांबवून धरली होती आणि फुटबोर्डवर पाय ठेवून रस्त्याच्या टोकाकडे बघत होता.

त्यानंतर तेहतीस वर्षं आमच्यात एक ओळ नाही. तो कॅनडात असतो एवढं कानावर होतं. मला त्याला एकच वाक्य सांगायचं होतं: त्या दिवशी मी यायला हवं होतं. पत्ता शोधून पत्र टाकता आलं असतं. पण पत्र टाकलं की 'आधी याने लिहिलं' असं होतं ना! फळ्यावर तसं नाही. फळ्यावर माणूस सर्वांसाठी लिहितो, आणि सर्वांसाठी लिहिता लिहिता एखादं वाक्य एकट्यासाठी सांडलं तर त्याला कोणी पुरावा म्हणत नाही. आयुष्यभर फायली चाळलेल्या माणसाने ही वाट काढली होती.

आता फळा म्हटला की कोणीही काहीही लिहितो. शाळेच्या मुतारीच्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांना अधिक सांगायला नको. म्हणून पुष्करने फळ्याच्या दारात एक दरवान बसवला. म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. तो प्रत्येक येणाऱ्याला विचारी, "गणिताच्या मास्तरांना वर्ग काय म्हणत असे?" उत्तर 'चिमटा'. हे जगात फक्त आम्हालाच माहीत, आणि बहुधा मास्तरांना. तीन वेळा उत्तर चुकलं की दरवान त्या पत्त्यावरून येणाऱ्याला एक दिवस दार बंद करी.

फळा बघायला मी पोवई नाक्याजवळच्या नाथाजींच्या कॅफेत जात असे. नाथाजी सैन्यात सिग्नलमध्ये सुभेदार होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी चार कॉम्प्युटर आणि एक टेलिफोन मांडून हे दुकान काढलं. फोन एक आणि गिऱ्हाइकं चार, त्यामुळे त्यांनी एक जुगाड केला होता. एकदा इंटरनेटवरून आणलेलं पान त्यांचा मुख्य कॉम्प्युटर आपल्या पोटात ठेवून घेई. पुन्हा कोणी तेच पान मागितलं की पोटातलंच काढून वाढी. पुष्कर त्याला प्रॉक्सी म्हणे. नाथाजी भांडार म्हणत.

"एक डाव रसद आनली, की दुसऱ्यांदा ट्रक पाठवायचा न्हाई, सायेब," ते मला म्हणाले. "लेकीलाबी हेच बसवून दिलंय सांगलीत. पंधरा तारखेला आन एक तारखेला भांडार झाडायचं, का परत नवा माल."

मला हे फार आवडलं. आमच्या घरातही रात्रीची पोळी सकाळी फोडणीला पडते, आणि तिला कोणी नावं ठेवत नाही.

दहा जानेवारीला माझे शेजारी बाळासो माझ्याबरोबर कॅफेत आले. बाळासोंचा कोरेगावकडे ऊस आहे आणि साताऱ्यात वेळ आहे. मी बाजूला नाथाजींशी बोलत असताना त्यांनी दरवानाचा प्रश्न वाचला. त्यांच्या मते गणिताच्या मास्तरांना सगळीकडे एकाच तऱ्हेची नावं असतात. त्यांनी 'वाघ' लिहिलं, मग 'यमदूत' लिहिलं, मग थोडा विचार करून 'जावई' लिहिलं. तीन झाली. दरवानाने दार लावलं.

नाथाजींच्या चारी कॉम्प्युटरांतून जे काही बाहेर जाई ते जगाला एकाच पत्त्यावरून आल्यासारखं दिसे. आणि त्या वेळी साताऱ्यात आम्हाला ठाऊक असलेलं कॅफे तेवढंच. म्हणजे दरवानाने बाळासोंना नव्हे, साताऱ्याला दार लावलं. एक दिवसाने ते आपोआप उघडलंही असेल. पण दार लावताना त्याने जे पान दाखवलं ते नाथाजींच्या भांडारात जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो, फळा मागितला, आणि समोर अक्षरं आली: 'आपण या वर्गातले नाही.' तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मी मनगटावर चिमट्याचे वळ मिरवलेला माणूस! मला माझाच फळा, माझ्याच पुतण्याच्या हाताने, रोज सकाळी साडेदहा वाजता सांगत होता की मी या वर्गातला नाही. चारुशीलेला सांगितलं तर ती म्हणाली, "प्रगतिपुस्तक बघून म्हणत असेल."

पंधरा तारखेला भांडार झाडलं गेलं आणि मी आत शिरलो. फळ्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. देवदत्त नव्हता. पण कोणीतरी लिहिलं होतं की कॅनडात त्याला कळवलंय, तो वाचतो. तो वाचतो! मी खुर्ची पुढे ओढली आणि दीड तास बसून त्याला पत्र लिहिलं. खंबाटकी घाटाच्या रस्त्याबद्दल लिहिलं. दोन्ही गुडघ्यांबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहिले. आले-लसणाच्या भावाबद्दल लिहिलं. शेवटी 'तू कसा आहेस?' असं विचारून खाली सही केली. ते एक वाक्य तेवढं राहिलं. कर्सर तिथे बराच वेळ लुकलुकत होता, पण माझा हात गेला नाही.

आता उलटा घोटाळा झाला. मी चिमट्याचं नाव सांगून आत गेलो होतो. तेव्हा पत्र पाठवलं की फळाच पत्रासकट परत उघडे, आणि तो तसा भांडारात जमा झाला. त्यानंतर कॅफेत जो कोणी आमच्या फळ्याचा पत्ता टाकी त्याला दरवान भेटतच नसे. भांडारातून थेट माझं पत्र वाढलं जाई. आणि टाकायचे सगळेच, कारण बाळासोंनी पत्ता गावभर केला होता. दोन दिवसांनी कॉलेजची दोन पोरं मला नाक्यावर म्हणाली, "काका, डाव्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळा." भाजीवाली बनुबाई मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "नातवानं वाचून दावलं. लय लांब हाय. पर माफी कुटं हाय त्यात?"

"कसली माफी?" मी म्हटलं.

"आवं, स्टँडावर ग्येला न्हवता न्हवं?"

हे पत्रात नव्हतं. हे बाळासोंना चारुशीलेने सांगितलं होतं.

बाळासो स्वतः संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "शरदराव, कागुद झकास झालाय. पर मूळ मुद्दा ऱ्हायला. ऊस तोडला, गाडी भरली, आन कारखान्याला न्यायचीच इसरली, आसं झालंय."

मी म्हटलं, तो माझा खाजगी पत्रव्यवहार आहे. बाळासो म्हणाले, व्हय की, आमीबी भाईर कुनाला बोललो न्हाई.

मी पुष्करला एस.टी.डी. केला. त्याने समजावून सांगितलं की फळ्याच्या पानावर 'मला साठवू नका' अशी सूचना आता घातली आहे, पण नाथाजींचा कॉम्प्युटर ती पाळत नाही. मी नाथाजींना विचारलं. ते ताठ झाले. "भायेरच्यानं दिलेला हुकूम आपल्या युनिटला लागू न्हाई." मग पुष्करने दुसरा उपाय सांगितला. फळ्याच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन एक नवा आकडा टाकायचा. आकडा नवा असला की भांडाराला वाटतं हे पान आपल्याकडे नाही, आणि ते खुद्द फळ्याकडे विचारायला जातं. मग दरवानही भेटतो आणि पानही ताजं मिळतं.

"कोणताही आकडा?" मी विचारलं.

"कोणताही, काका. फक्त नवा."

मी फळ्यावर ठळक सूचना लावली आणि साताऱ्यातल्या तिघांना घरी जाऊन सांगितलं. आणि मग मी पत्त्यापुढे पहिला आकडा टाकला तो अर्थातच एकशे एक. चांगल्या कामाला कोणी शंभर घालतं का? ताजा फळा मिळाला. पुढच्या आठवड्यात एक्कावन्न टाकला तर गेल्या गुरुवारचा फळा आला. अकरा टाकला तर त्याच्याही आधीचा. एकवीस टाकला तर आदल्या दिवशी मी लिहिलेली ओळच गायब. माझी खात्री झाली की दरवान फितूर झालाय. तीन दिवस असे गेल्यावर उलगडा झाला. बाकीच्या तिघांनीही अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एकच घातले होते. एकाने तर मुलीच्या लग्नाचं ठरत होतं म्हणून पाचशे एक घातला होता. सगळे शकुनाचे आकडे वर्गाने आठवड्यात वापरून संपवले होते आणि भांडारात प्रत्येक आकड्यावर एकेक शिळा फळा बसला होता. शून्याने संपणारा आकडा मात्र एकानेही घातला नव्हता. आमच्या वर्गावर संस्कार चांगले झाले होते.

मग मी डोकं चालवलं. प्रत्येकाने आपापला रोल नंबर घालायचा! म्हणजे कोणाचा आकडा कोणावर पडायला नको. पण निम्म्या वर्गाला स्वतःचा नंबर आठवेना आणि सात नंबरवर तिघांनी हक्क सांगितला. म्हणून मी वाईला शाळेत जाऊन अठ्ठावन्न सालचं हजेरीपत्रक मागितलं. लेखनिक पोरगेलासा होता. म्हणाला, अर्ज द्या. मी दिला, अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली आहे. त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि परत केला.

"संदर्भ लिहिला नाही."

"कसला संदर्भ?"

"मागच्या अर्जाचा."

"मागचा अर्ज नाही."

"मग 'संदर्भ: निरंक' असं लिहा."

छत्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज याच कारणासाठी परत केले होते. त्या सगळ्यांचे चेहरे मला परतीच्या एस.टी.त आठवत होते.

अकरा फेब्रुवारीला रोल नंबरांची यादी फळ्यावर लागली आणि वाईच्या धुळीने मला ताप आला. सोळा तारखेला उठून मी कॅफेत गेलो, आदल्याच दिवशी भांडार झाडलेलं होतं. सदतीस टाकला. दरवानाला 'चिमटा' सांगितलं. फळा उघडला आणि सर्वांत खाली लिहिलेलं होतं:

'शऱ्या, सांगलीत बहिणीकडे आलोय. २७ ला सकाळी परत निघणार. इथल्या कॅफेत रोज संध्याकाळी फळा बघतो. तुझं पत्र कॅनडातच वाचलं. गुडघ्यांचं कळलं. बाकीचं काय? - देवा.'

शऱ्या! तेहतीस वर्षांत मला कोणी शऱ्या म्हटलं नव्हतं. हेड क्लार्कला कोण म्हणणार? चष्मा पुसला, परत वाचलं. मग, बाळासो मागे उभे नाहीत याची खात्री करून, ते एक वाक्य लिहिलं. 'देवा, तू सहा मिनिटं एस.टी. थांबवलीस त्या दिवशी मी स्टँडवर यायला हवं होतं. चुकलो. सांगलीतला पत्ता कळव, येतो.' बटण दाबलं. पुष्करने मध्यंतरी नवं बसवलेलं 'आभारी आहोत' असं पान आलं. माझ्या छातीवरून धरणाचं एक दार उचलल्यासारखं झालं.

मग परत सदतीस टाकून फळा बघितला. देवदत्तचं लिहिलेलं होतं. माझं उत्तर नव्हतं.

नाथाजींना विचारलं. ते म्हणाले, "आभारी आहोत आलं न्हवं? मग पोच झाली. आपलं आपल्याला दिसत न्हाई, पुढच्याला दिसतं. वायरलेसवर आपला आवाज आपल्याला कुठं ऐकू येतो?"

पोच मिळाली म्हणजे कागद पोचला, हे मी खात्यात जन्मभर मानत आलो. तरी खात्रीसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तेच उत्तर पुन्हा पाठवलं. म्हणजे एकूण तीन प्रती झाल्या. आणि वाट बघत बसलो. रोज सकाळी साडेदहाला सदतीस टाकायचा. रोज 'बाकीचं काय?' आणि त्याखाली मोकळा काळा फळा. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस.

"सांगली काय लंडन आहे?" चारुशीला म्हणाली. "एस.टी.त बसा."

"पत्ता नाही."

"पत्ता असता तर गेला असता?"

"तत्काळ."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मसूरडाळीच्या डब्याकडे वळलो.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. चुकलो म्हटलं, तीन प्रतींत म्हटलं, आणि हा गृहस्थ गप्प! रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. रात्री जेवताना मला सारखं वाटे की आता तो सांगलीत कॅफेतून उठला असेल, बहिणीच्या घरी पानावर बसला असेल. तीन-चार तासांवर. इतक्या जवळ तो तेहतीस वर्षांत नव्हता, आणि इतका लांबही नव्हता. भात पानातच राही. चारुशीला त्यावर ताक वाढी.

सत्तावीस तारखेला शनिवारी पुष्कर आला. दुपारी मी त्याला कॅफेत नेलं आणि म्हटलं, बघ तुझा फळा, माणसं गप्प झाली. त्याने माझ्या हाताकडे बघितलं.

"काका, तुम्ही रोज सदतीसच घालता?"

"मग? माझा नंबर आहे."

"अहो, नवा! दर वेळी नवा! काल घातलेला आज जुना झाला ना!"

त्याने चार हजार सातशे एकोणतीस असा कुळशील नसलेला एक आकडा टाकला. फळा उघडला. माझं उत्तर होतं, तिन्ही प्रती होत्या. आणि त्यांच्या मधूनमधून तो होता.

'शऱ्या, वाचतोस ना?'

'शऱ्या, काहीतरी लिही. शिव्या दे हवं तर.'

'घाट बघायला वाईला जाणार होतो. एकट्याने नको वाटलं.'

आणि परवाचं शेवटचं: 'तुझा राग गेला नसेल तर तेही बरोबरच आहे. मीही तुला न सांगता निघालो होतो. शनिवारी सकाळी निघतो.'

माझं वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच ओळींच्या मध्ये, तीन वेळा लिहिलेलं होतं आणि त्याला ते दिसलेलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो तेव्हा खुर्ची पडली.

सांगलीतलं कॅफे म्हणजे नाथाजींच्या लेकीचंच, आणि तिथेही हेच भांडार; नाथाजींनी लगेच तिला फोन लावला. लागेना. तिचाही फोन एकच आणि तो दिवसभर इंटरनेटला जुंपलेला. पुष्कर म्हणत होता की काका, ते सकाळीच गेले असतील. मला ते समजत होतं. मी अडीचची एस.टी. पकडली. कऱ्हाडला ती वीस मिनिटं थांबली, कारण कंडक्टरला चहा हवा होता. आयुष्यात प्रथमच मला एस.टी. थांबवून धरणाऱ्या माणसाचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

सांगलीत विश्रामबागेतलं कॅफे सापडेपर्यंत साडेसहा झाले. साक्षी म्हणजे नाथाजींची मुलगी काउंटरवर होती. मी म्हटलं, मी साताऱ्याहून आलोय, कॅनडाचे एक गृहस्थ रोज येत होते...

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "काका, तुमीच का ते सदतीस?"

मी मान हलवली.

"सकाळी आठला येऊन गेले की. मी दुकान उघडत हुते. म्हनले, गाडी भाईर उभी हाय, येकदाच बघतो. दहा मिंटं बसले." तिने भिंतीकडच्या खुर्चीकडे बोट केलं. "तीच त्यांची जागा. दुसऱ्या जाग्यावर बसायचे न्हाईत."

मी त्या खुर्चीवर बसलो. साक्षीने पत्ता टाकला, प्रश्नचिन्ह टाकलं आणि सदतीस टाकला. दरवानाने काही विचारलं नाही. भांडारातून पान आलं. 'गुडघ्यांचं कळलं. बाकीचं काय?' आणि खाली मोकळा फळा. बारा दिवस, रोज संध्याकाळी, तो या खुर्चीवर बसून या काळ्या रिकाम्या जागेकडे बघत होता.

"पण त्याचा नंबर चौदा," मी म्हटलं. "यादी लावली होती मी. आपापला नंबर घालायचा होता."

"मी बोलले त्यांना. तर म्हनले, चौदा माझा, सदतीस माझ्या मित्राचा. तो वर्गात नसला तर त्याची हजेरी मीच लावत हुतो. नंबर टाकताना हळूच 'हजर' म्हनायचे. रोज. आमाला आदी हसू यायचं."

मी त्या खुर्चीवरून उठलो नाही. तिने गिऱ्हाइकांना दुसरीकडे वळवलं आणि मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मग मी पत्ता टाकला, प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे चौदा टाकला. हा आकडा सांगलीत कोणी वापरला नव्हता. ताजा फळा उघडला. सगळ्यात खाली मी लिहिलं, 'चौदा, हजर.' लिहिताना तोंडानेही म्हटलं, आणि आवाज बदलायचा विसरलो.

एक तारखेला साक्षी भांडार झाडणार होती. सदतीस नंबरचं ते रिकामं पान तिने मला छापून दिलं. ते मी फायलीत लावलंय. संदर्भ: निरंक.

मार्चच्या चार तारखेला फळ्यावर कॅनडाहून आलं: 'शऱ्या, घरी पोचल्यावर सगळं एकदम दिसलं. एक वाक्य तीन प्रतींत पाठवणारा माणूस जगात एकच. तुला कोणी सहा मिनिटं सांगितली? कंडक्टरने अकरा मिनिटं थांबवली होती. पुढच्या सत्तावीस फेब्रुवारीला येतो. या खेपेला स्टँडवर ये.'

आता मला आकडा शोधावा लागत नाही. त्याला यायला जितके दिवस उरले तितका घालतो. तो रोज आपोआप नवा असतो आणि रोज एकाने कमी. चारुशीला सकाळी चहा देताना विचारते, आज किती? बनुबाईसुद्धा विचारते. बाळासोंनी स्टँडवर यायचं ठरवलंय, त्यांना कोणी बोलावलेलं नाही. काल एकशे एक होता. आमच्या वर्गाची खोड मला माहीत आहे, तो कोणीतरी वापरलेला असणार, म्हणून काल गेलो नाही. दिवसभर घरात चैन पडलं नाही.

आज शंभर.